कंपाउंडरची सनद

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसाला आधी १६६४ आणि १६७० ही साले आठवतात. शाळेतल्या इतिहासाने ती तशी पक्की करून ठेवली आहेत. त्यापुढची सुरत आपल्याला पुस्तकांपेक्षा नातेवाइकांच्या पत्त्यांतून अधिक ठाऊक असते. १९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्यातली रेल्वे सुरतेहून अमळनेरपर्यंत धावू लागली, आणि तेव्हापासून खानदेशातली माणसे पोटासाठी त्या गाडीने सुरतेला उतरत आली. लिंबायत, उधना, पांडेसरा या वस्त्यांत आज अहिराणी सर्रास कानी पडते. सुरत महापालिकेच्या शाळांतून गुजरातीच्या जोडीने मराठी माध्यमही चालते. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना अशा दुभाषी गावाची नवलाई वाटायचे कारण नाही.

अशा गावात भाषेचा घोळ झाला तरी पुष्कळ ठिकाणी तो हसण्यावारी नेता येतो. बाजारात चालते, लग्नात तर गंमतच होते. औषधाच्या दुकानात मात्र तो परवडत नाही. फळीच्या पलीकडे उभा असलेला माणूस चिठ्ठी वाचतो, बाटली उचलतो, दोन शब्द सांगतो, आणि त्या दोन शब्दांच्या भरवशावर आपण घरी येतो. हा माणूस कोण? तिथे उभे राहण्याचा अधिकार त्याला कोणी आणि कशावरून दिला? या साध्या प्रश्नांचे उत्तर मिळायला आपल्या देशात शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या उत्तरात आपल्या सीमाप्रश्नाचाही एक लहानसा धागा गुंतलेला आहे. या लेखात तोच उलगडून पाहायचा आहे.

इंग्रजांची वखार सुरतेत १६१३ साली आली. वखारीबरोबर त्यांचे शल्यवैद्य आले आणि वैद्यांबरोबर औषधांच्या पेट्या आल्या. १६७० च्या दशकात कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर सुरतेत होता. शिवकालीन पश्चिम किनाऱ्याचे त्याने लिहिलेले वर्णन आपले इतिहासकार आजही आधारासाठी काढतात. त्या काळी तपासणारा आणि औषध घोटणारा असे दोन वेगळे माणूस असतच असे नाही. वैद्याच्या घरीही खल-बत्ता वैद्याच्याच घरचा असे. ही कामे वेगळी झाली ती एकोणिसाव्या शतकात, सरकारी दवाखाने वाढू लागले तेव्हा. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, पुढे पुण्यात आणि अहमदाबादेत भायरामजी जीजीभाईंच्या नावाच्या वैद्यकशाळा निघाल्या, सुरतेला सर कावसजी जहांगीर रेडीमनींच्या देणगीतून रुग्णालय झाले. डॉक्टर थोडे, रोगी फार. मग डॉक्टरने नाडी पाहावी, चिठ्ठी लिहावी, आणि मिश्रण दुसऱ्या कोणी तरी करून द्यावे, अशी वहिवाट पडली. हा दुसरा कोणी म्हणजेच कंपाउंडर.

आमच्या आजोबांच्या पिढीला डॉक्टरइतकाच, किंबहुना कांकणभर अधिक, कंपाउंडर जवळचा होता. पण तो तयार कसा होत असे? बहुधा बाटल्या धुण्यापासून. दहा-बारा वर्षांचा पोरगा दवाखान्यात लागायचा, बाटल्या विसळायचा, बुचे बसवायचा, पाहता पाहता नावे शिकायचा. त्याच्या विद्येला कमी लेखू नये. चिठ्ठीवर डॉक्टर लॅटिनची आद्याक्षरे लिहीत. टी.डी.एस. म्हणजे दिवसातून तीनदा, एच.एस. म्हणजे निजताना, क्यू.एस. म्हणजे पुरेल तेवढे. मराठी चौथी किंवा गुजराती पाचवी झालेला माणूस ही आद्याक्षरे बिनचूक वाचत असे. वजनांचे गणित तर याहून बिकट. साठ ग्रेनचा एक ड्रॅम, आठ ड्रॅमचा एक औंस, म्हणजे औषधाचा औंस ४८० ग्रेनचा. आणि बाजारातल्या तराजूचा औंस साडेचारशेलाही पोहोचत नाही, तो ४३७.५ ग्रेनचा. त्यात आपला तोळा १८० ग्रेनचा. तीन मापे डोक्यात ठेवून हात चौथ्याच घाईत चालवायचा.

एरंडेल पाण्यात मिसळत नाही. ते मिसळवायचे तर चार भाग तेल, दोन भाग पाणी, एक भाग डिंकाची पूड, आणि खलात एकाच दिशेने, न थांबता घोटणे. मिश्रण जमले की बत्त्याखाली चटचट असा आवाज येतो. तो आवाज ओळखता आला की पोरगा कामाचा झाला असे समजत. लहान मुलाचा डोस काढण्याची रीतही ठरलेली होती. मुलाचे वय घ्यावे, त्याला वय अधिक बारा या संख्येने भागावे, आणि मोठ्याच्या डोसाचा तेवढा हिस्सा द्यावा. चार वर्षांच्या मुलाला चार भागिले सोळा, म्हणजे पाव डोस. मिश्रण भरून झाले की बाटलीवर कातरलेल्या कागदाची दातेरी पट्टी चिकटवायची. एक दात म्हणजे एक डोस. वाचता न येणाऱ्या माणसालाही किती प्यायचे ते त्या पट्टीने कळे. गुजराती, मराठी, कानडी अशा सर्व घरांत ती पट्टी सारखीच वाचली जाई.

या विद्येची एक दुसरी बाजू होती आणि ती भयंकर होती. चुकले तर जबाबदार कोण, याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. सरकारने कायदे केले नव्हते असे नाही. अफूसाठी १८७८ चा कायदा होता, विषांसाठी १९१९ चा होता, मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीसाठी १९१२ चा होता. म्हणजे विषाच्या बाटलीवर सरकारची नजर होती, बाटलीचे नाव लिहिणाऱ्या डॉक्टरवर होती. ती बाटली प्रत्यक्ष उचलणाऱ्या हाताकडे मात्र कोणी पाहत नव्हते. इंग्लंडात १८६८ च्या कायद्याने औषधविक्रेत्याला परीक्षा आणि नोंदणी लागू झाली होती. तिथे डॉक्टरांच्या मदतनिसांसाठीही परीक्षा होती. पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयात औषधे करणारी एक तरुणी १९१७ साली ती पास झाली. पुढे अगाथा ख्रिस्ती या नावाने ती जगाला ठाऊक झाली, आणि तिच्या कथांतली विषे इतकी बिनचूक का असतात याचा उलगडा त्या परीक्षेत आहे. आपल्याकडे मद्रासेला आणि बंगालमध्ये कंपाउंडरांच्या शिकवणीचे वर्ग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघाले. पण संबंध देशाला लागू होईल अशी पात्रता ठरलेली नव्हती.

याच सुमारास सुरतेच्या एका माणसाने हा प्रश्न दुसऱ्या टोकाने हाती घेतला. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचा जन्म सुरतेचा, साल १८६३. बडोद्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली बडोद्यात कलाभवन उभे राहिले ते गज्जरांच्या कल्पनेतून. हातकामाचे आणि रसायनाचे शिक्षण देशी भाषेतून मिळाले पाहिजे, इंग्रजी येत नाही म्हणून कारागिराच्या पोराला शास्त्राचे दार बंद होता कामा नये, हा त्यांचा आग्रह. आपले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. पुढे १९०७ साली बडोद्यात अलेम्बिक केमिकल वर्क्स सुरू झाले, त्याच्या संस्थापकांत तीन नावे येतात : सुरतेचे गज्जर, त्यांच्याबरोबर कोटिभास्कर, आणि भाईलालभाई अमीन. दोन गुजराती आणि एक मराठी. गुजरातच्या औषधधंद्याच्या पायात आपल्या बाजूचाही एक दगड आहे, एवढे यावरून ध्यानात घ्यावे.

कारखाने निघाले, दुकाने वाढली, आणि भेसळही वाढली. विलायतेहून आणि इतर देशांतून येणारी हलकी औषधे, जोर नसलेले क्विनीन, यांची ओरड विधिमंडळापर्यंत गेली. १९२७ साली सर इब्राहिम हारून जाफर यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये ठराव मांडला. १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९३१ साली आला. औषधांवर कायद्याचे नियंत्रण हवे हे तर समितीने सांगितलेच. त्याबरोबर औषध देणाऱ्या माणसाचे शिक्षण आणि नोंदणीही हवी असे सांगितले. औषध शुद्ध आणि हात कच्चा, किंवा हात पक्का आणि औषध भेसळीचे, यांपैकी कशानेही रोग्याचा जीव जातो, हा त्यातला सरळ विचार होता. पण पहिल्या अर्ध्या भागाचा कायदा व्हायला १९४० साल उजाडले, आणि दुसऱ्यासाठी स्वातंत्र्य यावे लागले. मधल्या काळात महादेव लाल श्रॉफ यांनी बनारसच्या हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण सुरू केले. अहमदाबादेला १९४७ साली एल. एम. कॉलेज ऑफ फार्मसी निघाले. मुंबई इलाख्याच्या गुजराती भागाला त्यामुळे जवळचे कॉलेज मिळाले.

फार्मसी कायदा १९४८ च्या मार्च महिन्यात अमलात आला. प्रत्येक प्रांताने औषध देणाऱ्यांचे एक रजिस्टर ठेवावे, त्यात नाव असलेल्यानेच डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध करावे आणि द्यावे, हा त्याचा गाभा. आता प्रश्न आला तो खल घोटण्यात आयुष्य गेलेल्या जुन्या कंपाउंडरांचा. त्यांना एका दिवसात बाहेर काढायचे काय? कायदा करणाऱ्यांनी इथे शहाणपण दाखवले. पहिल्या रजिस्टरात शिरायला चार दारे ठेवली. फार्मसीची पदवी किंवा पदविका असेल तो येईल. दुसऱ्या विषयाची पदवी आणि तीन वर्षे औषधे करण्याचा अनुभव असेल तो येईल. सरकारने मान्य केलेली कंपाउंडरची परीक्षा झाली असेल तो येईल. आणि यातले काहीच नसले, पण दवाखान्यात पाच वर्षे औषधे केली असली, तर तोही येईल. बाटल्या विसळत मोठा झालेला पोरगा या चौथ्या दाराने आत आला. त्याच्या हाताच्या विद्येला पहिल्यांदा सनद मिळाली. मात्र हे दार एका पिढीपुरतेच होते. पुढच्यांना शिकूनच यायचे होते. त्या शिक्षणाचे नियम १९५३ साली आखले गेले.

आणि इथे आपला, म्हणजे सीमेवरच्या माणसांचा, प्रश्न उभा राहतो. रजिस्टर प्रांताचे होते. प्रांतच बदलला तर?

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. मराठवाडा हैदराबादेतून, विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. त्या रात्रीत माणसांनी घरे बदलली नाहीत, घरांनी राज्ये बदलली. बेळगावच्या एखाद्या दवाखान्यातला कंपाउंडर आदल्या दिवशी मुंबईच्या नियमाने पात्र होता; दुसऱ्या दिवशी त्याच टेबलाशी, त्याच तराजूपुढे उभा असताना तो नव्या राज्याच्या नियमाने, केवळ मॅट्रिक झाला नाही म्हणून, अपात्र ठरण्याचा धोका होता. हे भय कल्पनेतले नव्हते. ते नसते तर १९५९ साली संसदेला कायद्यात दुरुस्ती करावी लागली नसती. त्या दुरुस्तीने ३२-अ हे कलम घातले. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वीच्या राज्यात जो पात्र होता, किंवा ज्याचे नाव त्या रजिस्टरात होते, आणि ज्याचा मुलूख त्या दिवशी दुसऱ्या राज्यात गेला, त्याला नव्या राज्याच्या रजिस्टरात घेता येईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. फाळणीत देशोधडीला लागलेल्यांसाठीही त्याच कलमात सोय आहे. सीमाप्रश्नावर आपण इतकी वर्षे इतके वाचले, त्यात कंपाउंडरसाठी लिहिलेले हे कलम बहुतेकांच्या नजरेतून निसटलेले असते. सीमा हलली म्हणून माणसाची विद्या हलत नाही, ही गोष्ट संसदेने इथे कायद्याच्या रुक्ष भाषेत मान्य केली आहे.

चारच वर्षांनी सुरतेची पाळी आली. १ मे १९६० रोजी मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि सुरत गुजरातेत गेली. त्याबरोबर पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतली काही गावे आणि ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगाव तालुक्यातली काही गावेही गुजरातेला देण्यात आली. ताप्तीकाठच्या पट्ट्यात त्यामुळे एकाच घराण्याची दोन घरे दोन राज्यांत पडली. इथे कायद्यातली दुसरी एक ओळ उपयोगी ठरते : एका राज्यात नोंदलेला फार्मासिस्ट दुसऱ्या राज्यात राहू लागला किंवा धंदा करू लागला, तर तो तिथल्या रजिस्टरात नाव घालून घेऊ शकतो. शिरपूर-नंदुरबारकडे शिकलेला मुलगा आज सुरतेत औषधाच्या दुकानी उभा राहतो तो याच ओळीच्या आधाराने. अर्ज, दाखले, शुल्क, हेलपाटे हे सगळे आहेच. पण दार आहे. जम्मू-काश्मीरच्या जुन्या कायद्याखाली नोंदलेल्या फार्मासिस्टांसाठी २०२३ साली पुन्हा अशीच दुरुस्ती करावी लागली. नकाशा बदलला की सनदेचा प्रश्न येतोच.

सगळेच सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. नोंदणी नसलेल्याने चिठ्ठीवरचे औषध देऊ नये, हे कलम कधीपासून लागू करायचे ते कायद्याने राज्यांवर सोपवले होते. राज्यांनी इतका वेळ काढला की १९७६ च्या दुरुस्तीने त्यांना मुदत घालावी लागली. शिवाय डॉक्टरने स्वतःच्या रोग्याला स्वतः औषध देण्याला ते कलम लागू नाही. या सवलतीच्या सावलीत जुन्या धाटणीचा कंपाउंडर खेड्यापाड्यांच्या दवाखान्यांतून पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिला, सनदेवाचून.

सनद घेणाऱ्याचे शिक्षण मात्र पालटत गेले. १९९१ च्या नियमांनी बारावी सायन्सनंतर दोन वर्षांची पदविका ठरवली. औषधे बनवणे, रसायन, वनस्पतिजन्य औषधे, शरीरशास्त्र, औषधांचे गुण आणि विषबाधा, कायदा, दुकानाचा व्यवहार, रुग्णालयातले काम, असे विषय. त्यानंतर ५०० तासांचे प्रत्यक्ष काम, निदान तीन महिन्यांत पसरलेले. आणि त्यांतले २५० तास चिठ्ठीवरून प्रत्यक्ष औषध देण्याचे. म्हणजे बाटल्या विसळणाऱ्या पोराची उमेदवारी संपूर्ण गेली नाही. ती मोजून, आखून शिक्षणात घेतली गेली. २०२० साली अभ्यासक्रम नवा झाला, आणि २०२२ च्या नियमांनी पदविकेनंतर नोंदणीपूर्वी आणखी एक परीक्षा घातली. अमेरिकेत फार्मासिस्टच्या हाताखाली काम करणारा ‘फार्मसी टेक्निशियन’ वेगळा असतो आणि त्याच्या प्रमाणपत्राची राष्ट्रीय व्यवस्था तिथे १९९५ साली सुरू झाली. आपल्याकडे पदविकाधारक स्वतःच कायद्याने फार्मासिस्ट आहे. त्याच्या सहीवर दुकान चालते. म्हणून त्याची जबाबदारी त्या टेक्निशियनहून कितीतरी मोठी आहे.

ती किती मोठी, हे दोन प्रसंगांनी आपल्याला शिकवले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रोगी दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. याच विषाने १९३७ साली अमेरिकेत शंभरावर बळी घेतले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीच्या आणि तपासणीच्या साखळीतली ढिलाई चव्हाट्यावर मांडली. दुसरा प्रसंग सुरतेचाच. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावी प्लेगसारख्या आजाराची बातमी आली आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची. लाखो माणसे शहर सोडून निघाली. त्यात आपली खानदेशी मंडळीही होती. टेट्रासायक्लिनसाठी दुकानांवर झुंबड उडाली आणि साठा संपला. आता हे औषध लहान मुलांना आणि गरोदर बायांना सहसा देत नाहीत. दुधाबरोबर घेतले तर ते अंगी लागत नाही. हे कोणी सांगायचे? डॉक्टर गाठता येत नसला की सांगणारा एकच उरतो, फळीपलीकडचा.

आणि तो कोणत्या भाषेत सांगतो, यावर पुष्कळ अवलंबून असते. गुजरातीत जमवुं म्हणजे जेवणे. ‘जम्या पछी लेजो’ म्हणजे जेवल्यावर घ्या. खानदेशातून काल उतरलेल्या माणसाच्या कानाला ते ‘जमेल तेव्हा घ्या’ असे वाटले तर त्याचा काय दोष? कानडीत ऊटा म्हणजे जेवण. बेळगावकराला ते पाठ असते. नाशिकहून नव्याने आलेल्या सुनेला मात्र ‘उठा’ ऐकू येईल, आणि जेवणानंतरची गोळी ती सकाळी उठल्याबरोबर उपाशीपोटी घेईल. २०१५ च्या नियमांनी रोग्याला औषध समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम म्हणून लिहून ठेवले. पण रोग्याला कळेल अशा बोलीत सांगता येते की नाही, हे पाहणारी परीक्षा नाही.

जुन्या कंपाउंडरपाशी सनद नव्हती, दातेरी पट्टी होती. आजच्या फार्मासिस्टपाशी सनद आहे, नोंदणी क्रमांक आहे, आणि कोणी चुकले तर विचारायला नाव आहे. ही कमाई लहान नाही; ती चोप्रांच्या अहवालापासून झगडत मिळालेली आहे. आपल्या सीमेवरच्या घरांतून पुष्कळ मुले-मुली आज ही पदविका घेत आहेत. घरी एक भाषा, शाळेत दुसरी, बाजारात तिसरी, याचा आपण नेहमी जाच म्हणून उल्लेख करतो. औषधाच्या फळीमागे उभे राहिल्यावर तेच त्यांचे भांडवल ठरते. ज्या मुलीला ‘जेवल्यावर’, ‘जम्या पछी’ आणि ‘ऊटा आद मेले’ हे तिन्ही सारख्याच सहजतेने म्हणता येते, तिच्या हातून घेतलेली बाटली अधिक बिनघोर. तेव्हा पोरीने फार्मसीला जाऊ का म्हणून विचारले, तर तिला जाऊ द्यावे. आणि जाताना शेजाऱ्यांची भाषा विसरू नकोस, एवढे सांगावे.